‘वयाचं आहे’ म्हणण्याआधी : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

चाळीस ते साठ या वयातले पुरुष थकव्याची तक्रार घेऊन तुमच्याकडे सहसा येत नाहीत. ते येतात गुडघ्यासाठी, ॲसिडिटीसाठी, नाहीतर विम्याच्या फॉर्मवर सही हवी म्हणून. बीपी मोजून होतं, औषधं लिहून होतात, खुर्ची मागे सरकते आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून माणूस म्हणतो, “बाकी काही नाही, हल्ली जरा गळून गेल्यासारखं वाटतं.” बाहेर पेशंट खोळंबलेले असतात. तुम्ही म्हणता, “चालायचंच, वयाचं आहे.” फार तर एखादं टॉनिक लिहून देता. तो बरं म्हणून निघून जातो, आणि हा विषय पुन्हा काढायला त्याला कधी कधी दोन-तीन वर्षं लागतात.

त्याच्या त्या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी स्वतः पन्नाशीतला आहे. माझ्या वयाचे मित्र, भाऊ, सहकारी आपापसात काय बोलतात आणि तुमच्यासमोर काय बोलत नाहीत, हे मी रोज ऐकतो. तुमच्यावर किती पेशंटांचा भार असतो, एका माणसाला किती मिनिटं देता येतात, याचीही मला कल्पना आहे. तरीही माझं म्हणणं आहे की मध्यम वयातल्या पुरुषाचा थकवा ही पूर्ण तक्रार आहे. तिला तिची स्वतःची वेळ, तिचे स्वतःचे प्रश्न आणि तिची स्वतःची तपासणी मिळायला हवी. कारण बहुतेक वेळा तिच्यामागे शोधता येईल असं काहीतरी असतं, आणि त्यातलं बरंचसं दुरुस्त होतं.

‘वयाचं आहे’ हे निदान किती कच्चं आहे, ते तुमच्याच शास्त्राने दाखवलेलं आहे. 1966 साली अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, ज्याला आपण सोप्या भाषेत दमसास म्हणतो, ती त्या तीन आठवड्यांत धाडकन खाली आली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तेव्हा ते पन्नाशीत होते, वजनं वाढली होती, अंगातली चरबी दुप्पट झाली होती. तरीसुद्धा तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दमसास जेवढा घटवला होता, त्यापेक्षा जास्त तो तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घटवला होता. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा व्यायाम बेताबेताने वाढवत दिला. सहा महिन्यांनंतर त्यांचा दमसास 1966 साली प्रयोग सुरू होताना होता तिथे परत आला. पाचच माणसं होती, हे खरं. पण 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, त्याहून मोठ्या एका अभ्यासात 45 ते 64 वयाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी दोन वर्षं नेटाने व्यायाम केला, तेव्हा त्यांचाही दमसास सुमारे 18 टक्क्यांनी वाढला आणि ताठर होत चाललेला हृदयाचा स्नायू पुन्हा लवचिक झाला.

‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो’ हे दुसरं वाक्य. तेही आता मागे घ्यायला हवं. 29 देशांतल्या 6,400हून अधिक माणसांच्या मोजमापांवरून 2021 साली दिसलं की शरीराचा आकार आणि ठेवण हिशेबात धरली, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो. पोट सुटण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. मेटाबॉलिझमवर खापर फोडलं की माणूस हातपाय गाळून बसतो, कारण त्यावर आपला इलाज नाही असं त्याला वाटतं.

तेव्हा माझी पहिली विनंती ही, की त्याला झोपेबद्दल विचारा. “झोप नीट लागते ना?” असं विचारलंत तर तो हो म्हणणार, आणि त्याच्या मते ते खरंच असतं. उशीला डोकं टेकताच त्याला झोप लागते. जागी असते ती बायको. ती ऐकत असते: घोरणं चढत जातं, मग एकदम थांबतं, खोलीत काहीच आवाज नाही, ती मनात आकडे मोजते, दहा, पंधरा, वीस, त्याला हलवावं का असा विचार करते, तेवढ्यात तो गुदमरल्यासारखा मोठ्याने श्वास ओढतो आणि कूस बदलतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तोंड कोरडं असतं, डोकं जड असतं, आठ तास झोपूनही दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. त्याच्या थकव्याचं कारण तिला माहीत असतं आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून शक्य असेल तर तिलाही बोलवा, नाहीतर फोनवर विचारा.

झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, स्लीप ॲप्निया, मध्यम वयाच्या पुरुषांत अजिबात दुर्मीळ नाही. कमी-जास्त प्रमाणात तो फार लोकांना असतो आणि बहुतेकांचं निदानच झालेलं नसतं. घोरणं, दिवसाची पेंग, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी पाहणं, वाढलेला बीपी, वजन, वय, जाड मान आणि पुरुष असणं, या आठ गोष्टींची प्रश्नावली तुमच्याकडे आहेच. ती भरायला दोन मिनिटं पुरतात. बीपीच्या तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसेल, तर हा विचार आधी मनात यावा. आणखी एक खूण सहज निसटते. रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठणारा माणूस प्रोस्टेट वाढलं असं समजून चालतो, कधी तुम्हीही. पण श्वास अडला की छातीतला दाब बदलतो, हृदयावर ताण पडून लघवी वाढवणारं संप्रेरक स्रवतं आणि मूत्राशय भरतं. म्हणजे गोळी प्रोस्टेटची चालू असते आणि मूळ घशात असतं. तपासणी आता बऱ्याच वेळा घरच्या घरी एका छोट्या यंत्रावर होते. रात्रभर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र 1981 साली आलं, म्हणजे हा उपचार काही कालपरवाचा नाही. ते मास्क लावून झोपणं पहिले काही आठवडे नकोसं वाटतं, आणि नेमका तेव्हाच पेशंट ते कपाटात टाकून देतो. त्या आठवड्यांत तुमचा एक फोन फार मोलाचा ठरतो.

झोपेचा हार्मोनशीही थेट संबंध आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन, 10 ते 15 टक्क्यांनी घसरलं. हे तरुण होते, आणि एकच आठवडा होता. आमच्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं पाच-साडेपाच तासांवर काढतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात.

दुसरी विनंती जास्त अवघड आहे. लैंगिक ताठरतेबद्दल तुम्ही विचारा. आम्ही आपणहून सांगणार नाही, हे गृहीत धरा. मित्रामित्रांत या विषयावर विनोद चालतात, खरं कोणी बोलत नाही. आणि हा फक्त शयनगृहातला प्रश्न नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लिंगाच्या रोहिण्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्यांचा आजार दोन्हीकडे सारखाच वाढत असेल, तर त्रास आधी बारीक नळीत जाणवणार. कित्येक पुरुषांमध्ये छातीत दुखायला लागण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झालेली आढळते. म्हणजे हृदयविकार टाळायला हाताशी असलेला सर्वांत मौल्यवान काळ हाच, आणि तो लाजेपायी वाया जातो. माणूस गुपचूप कुठूनतरी गोळी मिळवतो, काम भागतं, आणि कोलेस्टेरॉल, साखर, सिगारेट, बीपी यांच्याकडे कोणी बघतच नाही.

प्रश्न साधा ठेवा. “या वयात अनेकांना हा त्रास होतो, म्हणून मी सगळ्यांनाच विचारतो. सकाळी उठताना ताठरता असते का? आधीपेक्षा फरक पडलाय का?” ‘सगळ्यांनाच विचारतो’ एवढं म्हटलं की अर्धा संकोच गळून पडतो. ताठरता नसेल किंवा कमी झाली असेल, तर चालू औषधांची यादी एकदा नजरेखालून घाला. बीपीची काही औषधं, नैराश्याची काही औषधं यांच्यामुळेही हे होतं, आणि ती बदलता येतात. असं झालं की पुष्कळ पुरुष तुम्हाला न सांगता बीपीची गोळीच बंद करून टाकतात.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-12, मूत्रपिंड, यकृत हे तुम्ही लिहिताच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-12 मुद्दाम बघा, एवढंच. पण एका गोष्टीवर मला अडून बसायचं आहे. पुरुषाला मासिक पाळी नसते. पन्नाशीतल्या पुरुषाच्या अंगात लोह कमी निघालं, तर ते कुठेतरी झिरपतंय असंच आधी समजायला हवं: जठरातून, आतड्यातून, अल्सरमधून किंवा गाठीतून. लोहाच्या गोळ्या दिल्या की हिमोग्लोबिन वाढतं, चेहऱ्यावर तेज येतं, सगळे खूश होतात आणि आतड्यातला कर्करोग तेवढे महिने निवांत वाढत राहतो. गोळ्या द्या, पण दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठीही त्याच दिवशी द्या.

मनाबद्दल. पुरुषाचं नैराश्य रडत तुमच्यासमोर येत नाही. ते चिडचिड बनून येतं, घरच्यांवर ओरडणं, गाडी बेदरकार चालवणं, संध्याकाळच्या एका पेगचे तीन होणं बनून येतं. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन रमेनासं झालंय का, आणि उदास किंवा हताश वाटत होतं का, हे दोन प्रश्न जगभर वापरले जातात. ते विचारा, आणि उत्तर यायला वेळ द्या. जगभरात आत्महत्येने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. त्यातले कितीतरी जण आधी कुठल्यातरी दवाखान्यात कंबरदुखी नाहीतर थकवा सांगून गेलेले असतात. दारूबद्दलही हिशेब मागण्याच्या सुरात विचारू नका, झोपेच्या अंगाने विचारा. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, हे पटलं की माणूस आपणहून कमी करायला तयार होतो.

आता टेस्टोस्टेरॉन. जाहिरातींनी आमच्या मनात हे पक्कं बसवलंय की चाळिशीनंतरची सगळी मरगळ म्हणजे हा हार्मोन कमी झाल्याची खूण, आणि इंजेक्शन घेतलं की तारुण्य परत. ही आशा जुनी आहे. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या 72व्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद, उत्साह, कामाची उमेद परत आल्याचं भर सभेत सांगितलं. तो अर्क पाण्यात काढलेला होता. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्या विद्वानाला जी तरतरी आली ती मनाची होती, तरीही असे अर्क टोचून घ्यायला पुढे देशोदेशी लोकांची रीघ लागली. प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं 1935 साली, आणि तेव्हापासून ते थकलेल्या पुरुषांना विकलं जातंय.

खरं चित्र बरंच मर्यादित आहे. युरोपात 40 ते 79 वयाच्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत, लैंगिक लक्षणं आणि कमी हार्मोन या दोन्ही अटी लावल्यावर, वयाबरोबर येणारी खरी कमतरता सुमारे दोन टक्के पुरुषांतच आढळली. तिच्याशी जोडली गेलेली लक्षणं तीन: इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता जाणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. नुसता थकवा हे तिचं भरवशाचं लक्षण ठरलं नाही. 65 वर्षांवरच्या, हार्मोन कमी असलेल्या 790 पुरुषांवर केलेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉनने लैंगिक बाबतीत थोडा फायदा दिला, मूडही किंचित सुधारला. उत्साहाच्या मोजपट्टीवर मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही ते मागतो, तीच ते देत नाही.

2023 साली पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या चाचणीत हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, हे समाधानाचं. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं जास्त दिसलं, आणि पुढे हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. शिवाय बाहेरून हार्मोन दिला की शरीर स्वतःचा बनवणं थांबवतं आणि शुक्रजंतूंची निर्मिती आटते. चाळिशीत मूल हवं असलेल्या माणसाला हे कोणी सांगतं का? मला भेटलेल्या दोघांना सांगितलेलं नव्हतं.

म्हणून आग्रह असा: तपासणी करायचीच तर सकाळी, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. दुपारी चारला घेतलेला एक आकडा पुरावा म्हणून धरू नका. तापात, आजारपणात तर घेऊच नका. पोट सुटलेलं असेल, झोप मोडत असेल, तर आधी ते हाताळा. वजन उतरलं की हार्मोनही पुष्कळदा आपसूक वर येतो. आणि एवढं करूनही ज्याला खरोखर कमतरता निघेल, त्याला मात्र उपचार नाकारू नका. तो उपचार त्याच्यासाठीच आहे. त्याच्या रक्ताचा घट्टपणा आणि प्रोस्टेट यांवर नियमित लक्ष ठेवा, म्हणजे झालं.

याच ओघात त्या डब्यांबद्दलही बोला, जे आम्ही तुम्हाला न सांगता घेतो. ‘नैसर्गिक’, ‘ताकद वाढवणारं’, ‘साइड इफेक्ट नाही’ अशी लेबलं असलेल्या पूरकांमध्ये न सांगता औषधं मिसळलेली वारंवार सापडली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 ते 2016 या काळात अशी 776 भेसळयुक्त पूरकं नोंदवली. त्यातली जवळपास निम्मी लैंगिक ताकदीच्या नावाखाली विकली जात होती, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, सापडलं. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं, तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. “आणखी काय घेता? पावडर, कॅप्सूल, कोणी दिलेलं काही?” हा प्रश्न चिठ्ठी लिहिण्याआधी विचारा. आणि तो घेतो म्हणाला तर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो खोटं बोलेल.

व्यायामाबद्दल तुम्ही सगळेच सांगता, पण सांगता कसं? “जरा चालत जा.” गोळी लिहिताना तुम्ही नाव लिहिता, मात्रा लिहिता, किती वेळा, किती दिवस ते लिहिता. व्यायामही तसाच लिहून द्या, त्याच कागदावर. आठवड्याला 150 मिनिटं, एवढ्या वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम, हा भाग हमखास गळतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटत जातात, आणि नुसत्या चालण्याने ती घट थांबत नाही. जिना चढताना मांड्या भरून येतात, बॅग उचलताना कंबर धरते, त्याला आम्ही थकवा म्हणतो. तो बऱ्याच वेळा अशक्तपणा असतो, आणि वजन उचलून, उठाबशा काढून, भिंतीला टेकून का होईना जोर मारून तो भरून निघतो. सुरुवात अगदी थोड्याने करायला सांगा. वीस वर्षांनी जिममध्ये गेलेला माणूस पहिल्याच दिवशी कॉलेजातलं वजन उचलायला जातो, खांदा दुखावून घेतो आणि परत जात नाही. छातीत दुखणं, चालताना असह्य धाप असं काही असेल तर आधी हृदय तपासा, हे ओघाने आलंच.

कधी कधी असंही होईल की सगळं तपासून झालं, झोप ठीक, रक्त ठीक, मन ठीक, आणि माणूस तरी थकलेलाच. दिवसाचे बारा तास काम, घरी आजारी आई-वडील, मुलांच्या शिक्षणाचा घोर. अशा वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणून त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. “तुम्हाला आजार नाही, तुमच्यावर भार जास्त आहे,” असं स्पष्ट सांगा. डॉक्टरने सांगितलेलं वाक्य घरी आणि कामाच्या ठिकाणी पुढे ठेवता येतं. आमच्या स्वतःच्या म्हणण्याला तेवढं वजन नसतं.

तुमच्याकडे वेळ नाही, हे मी विसरलेलो नाही. म्हणून सगळं एकाच भेटीत करा असं माझं म्हणणं नाही. थकव्याचं वाक्य कानावर पडलं की फक्त एवढं म्हणा, “याच्यासाठी वेगळं या. पुढच्या आठवड्यात, सकाळी उपाशीपोटी, आणि घरचं कोणी असेल तर त्यांना घेऊन या.” तारीख कागदावर लिहून द्या. प्रश्नावली त्याच्या हातात द्या, म्हणजे तो ती घरी भरून आणेल. पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांनी कमरेचा घेर, बीपी, झोप आणि जिना चढतानाचा दम यांची पुन्हा नोंद घ्या. आम्ही तारीख चुकवली तर दवाखान्यातून एक फोन करायला सांगा. बोलावलं तर आम्ही येतो. आपणहून मात्र येत नाही.

आणि तुमच्यातले अनेक जण याच वयाचे आहेत. रात्री उशिरापर्यंत दवाखाना, जेवणाचा पत्ता नाही, फोन उशाशी. स्वतःचे रिपोर्ट स्वतःच बघून बाजूला ठेवू नका. तुमच्या ओळखीतल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन खुर्चीत पेशंट म्हणून बसा, आणि हे सगळे प्रश्न त्यांना तुम्हालाही विचारू द्या.

आपला,
पन्नाशीतला एक पेशंट